खरा टीसीपी स्टॅक सिम्युलेटरमध्ये बसवताय? आधी घड्याळ बघा

मुंबईत फायनल इयर प्रोजेक्टचा सीझन आलाय म्हणून सांगतो, एलडब्ल्यूआयपीसारखा (lwIP, छोट्या उपकरणांसाठीचा टीसीपी/आयपी कोड) खरा स्टॅक, म्हणजे नेटवर्कवर डेटा पाठवणारा-घेणारा कोड, एनएस-३ (ns-3) या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये घालणार असाल तर पॅकेटच्या कोडला नंतर हात लावा, आधी स्टॅक जिथून वेळ विचारतो ते फंक्शन सिम्युलेटरच्या घड्याळाला जोडा. नाहीतर सिम्युलेशनचा तास दोन सेकंदांत उरकतो आणि रिट्रान्समिशन टायमर (हरवलेलं पॅकेट पुन्हा कधी पाठवायचं ते ठरवणारा) जागचा हलत नाही. दर मिलिसेकंदाला पोलिंग, म्हणजे वेळ झाली का असं सारखं विचारणं, नको, पुढचा टायमर कधी आहे ते स्टॅकलाच विचारा आणि तेवढ्या वेळेचा एकच इव्हेंट सिम्युलेटरमध्ये टाका.

खरी डोकेदुखी स्टॅकच्या ग्लोबल व्हेरिएबल्सची, म्हणजे अख्ख्या प्रोसेसमध्ये एकच कॉपी असलेल्या व्हेरिएबल्सची. दादर आणि ठाणे असे दोन नोड (सिम्युलेशनमधली मशीन्स) एकाच प्रोसेसमध्ये चालवले की दोघांची कनेक्शनची लिस्ट एकच, म्हणजे दादरचं पॅकेट ठाण्याच्या सॉकेटमध्ये, बसा शोधत! प्रत्येक नोडला स्टॅकच्या लायब्ररीची वेगळी कॉपी वेगळ्या नेमस्पेसमध्ये (कॉपी एकमेकींपासून अलग ठेवणारा कप्पा) लोड करा, पण ग्लिबसीत (लिनक्सची सी लायब्ररी) अशा नेमस्पेस जास्तीत जास्त 16 च मिळतात, त्यामुळे नोड जास्त असतील तर नोड बदलताना ग्लोबल्स सेव्ह-रिस्टोअर करणंच बरं, स्लो असलं तरी.

आणि हो, रँडम नंबरपण सिम्युलेटरच्याच सीडवरून (रँडम नंबर जिथून सुरू होतात तो आकडा) द्या, नाहीतर प्रत्येक रनला ग्राफ वेगळा येणार.