आधी पाला, मग भाजी : गच्चीवरची परसबाग कशी करावी

जूनचा पहिला पाऊस झाला की रोपवाटिकांत गर्दी होते. दोन टोमॅटो, दोन मिरच्या, एक लिंबू, चार कुंड्या आणि लाल मातीचं एक पोतं घेऊन माणसं उत्साहानं घरी येतात. मीही तशीच सुरुवात केली होती. पावसाळाभर सगळं हिरवंगार दिसलं. थंडी सरता सरता कुंडीतली माती विटेसारखी घट्ट झाली. पाणी वरून घातलं की कडेनं सरळ खाली निघून जायचं आणि मुळं कोरडीच राहायची. मार्चअखेर एकही रोप उरलं नाही. खत कमी पडलं म्हणावं, तर खत भरपूर घातलं होतं. कमी पडली ती माती. म्हणून या लेखात बी पेरण्याची गोष्ट अर्ध्या वाटेवर येईल. त्याआधी माती तयार करायची आहे, आणि तिची सुरुवात फेब्रुवारीत होते.

जागा आधी नीट बघा

एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला गच्चीवर किंवा बाल्कनीत डोकवा आणि ऊन कुठे पडतं ते कागदावर मांडा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि सगळे वेल यांना रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. मेथी, पालक, माठ, कोथिंबीर, पुदिना आणि अळू तीन-चार तासांत समाधानी असतात. पूर्वेची बाल्कनी असेल तर पालेभाज्या लावा. तिथे टोमॅटो लावून दुधाची तहान ताकावर भागणार नाही.

गच्ची सोसायटीची असेल तर परवानगी आधी घ्या. आणि वजनाचा विचार करा. २० लिटरच्या कुंडीत नुसती माती भरून पाणी घातलं की ती ३५ किलोंच्या आसपास जाते. पानांच्या खताची हलकी माती असेल तर वजन जवळपास निम्म्यावर येतं. जड कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता कठड्यालगत, खाली जिथे भिंत किंवा तुळई आहे अशा जागी ठेवाव्यात. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही आणि झाडताही येतं. पक्ष्यांच्या विष्ठेतून वड-पिंपळाची रोपं उगवतात, ती दोन पानांची असतानाच उपटा. पुढे त्यांची मुळं स्लॅबमध्ये शिरली तर फार महागात पडतं.

पाला गोळा करा आणि कुजवा

ही खरी पायरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्या-नाशकात पिंपळ, करंज, कडुलिंब आणि रेनट्री यांची पानं रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडतात. ती झाडून एका कोपऱ्यात पेटवून दिली जातात तेव्हा माझ्या जिवाचं पाणी होतं, कारण वर्षभराची माती धूर होऊन जाते. झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं तर त्या आनंदानं पोती भरून देतात. चार-पाच पोती पानांचं अखेर एखादं पोतं खत होतं, त्यामुळे जागा असेल तितकी पोती आणा. निलगिरीची पानं घेऊ नका. फणस, आंबा, रबर यांची जाड पानं कुजायला फार वेळ घेतात, ती हातानं चुरून किंवा तुकडे करून घाला. प्लॅस्टिक आणि काचेचे तुकडे निवडून काढा.

कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’तून पाचट आणि पालापाचोळ्याची माती करून थोड्या जागेत पिकवायचा विचार महाराष्ट्रात घरोघरी पोचला. आज गच्चीवर बाग करणारे अनेकजण, नकळत का होईना, तीच वाट चालत आहेत.

कृती अशी. भोकं पाडलेला जुना ड्रम किंवा भाजीचे प्लॅस्टिकचे क्रेट घ्या. तळाला नारळाच्या शेंड्या आणि काड्या पसरा. त्यावर फूटभर पानं टाकून पायानं किंवा काठीनं दाबा. बादलीभर पाण्यात किलोभर ताजं शेण कालवून त्याचा सडा शिंपडा. शेण मिळत नसेल तर आंबट ताक चालतं. वर स्वयंपाकघरातला ओला कचरा, म्हणजे भाज्यांची देठं, साली, चहाचा चोथा यांचा पातळ थर द्या आणि लगेच पानांनी झाका. तीन भाग सुका पाला आणि एक भाग ओला कचरा हे माप डोळ्यांत ठेवा. शिजवलेलं, तेलकट किंवा मांसाहारी काही घालू नका.

ओलावा किती असावा हे मुठीनं कळतं. मूठभर पाला दाबल्यावर हात ओला झाला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. आंबूस वास येत असेल तर ओलं जास्त झालंय, सुका पाला घालून वरखाली करा. नुसताच सुकून बसला असेल तर पाणी शिंपडा. दर पंधरा दिवसांनी एकदा उलथापालथ केली तर तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. म्हणजे फेब्रुवारीत भरलेला ड्रम बरोबर मृगाला उपयोगी येतो. खत काळं, भुसभुशीत दिसतं, पान ओळखू येत नाही आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो.

मधेच ड्रममध्ये चपट्या, राखाडी-तपकिरी, बिनपायांच्या अळ्या वळवळताना दिसतील. त्यांना घाबरू नका, मारू नका. त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या आहेत, कचरा झपाट्यानं खातात आणि रोपांना काही करत नाहीत. पांढरी, जाड, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली, तपकिरी डोक्याची आणि पुढे सहा पाय असलेली अळी मात्र कुंडीत जाऊ देऊ नका. ती हुमणी, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी, असेल तर रोपाची मुळं कुरतडते. ती वेचून काढा.

कुंडी भरणं

तीन भाग पानांचं खत, एक भाग साधी माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, आणि २० लिटरच्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. बस. कोकोपीट विकत आणायची गरज पडत नाही. तळाची भोकं उघडी आहेत ना, एवढं पाहा. भरताना काठापासून दोन बोटं जागा सोडा.

पालेभाज्यांना सहा इंच खोली पुरते, म्हणून भाजीचे क्रेट उत्तम. आतून जुनं गोणपाट लावलं की झालं. मिरचीला १२ ते १५ लिटर, टोमॅटो-वांग्याला २० लिटर, वेलांना ४० लिटरच्या पुढे. वेलाला लहान कुंडी दिली तर तो वाढतो, फुलतो आणि ऐन फळाच्या वेळी पिवळा पडतो.

काय, केव्हा लावायचं

जून-जुलैत भेंडी, गवार, चवळी, दोडका, घोसाळं, कारलं, दुधी, काकडी, अळू आणि अंबाडी लावावी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टोमॅटो, वांगी, मुळा, पालक, मेथी, कोथिंबीर, शेपू, चुका, चाकवत आणि घेवडा. जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा भेंडी, गवार, काकडी, शिवाय उन्हाला दाद न देणारे माठ आणि तांदुळजा. टोमॅटो एप्रिल-मेमध्ये फळत नाही म्हणून खत वाढवत बसू नका. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. त्यावर खताचा इलाज नाही.

पहिल्या वर्षी मेथीपासून सुरुवात करा असं मी आग्रहानं सांगेन. स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवा, क्रेटमध्ये पसरा, वर अर्धा इंच खत भुरभुरा. चार दिवसांत उगवते, तीन-साडेतीन आठवड्यांत भाजीला येते. कोथिंबिरीसाठी धने चपलेनं किंवा लाटण्यानं हलके रगडून त्यांच्या दोन फाकी करा. आठ-बारा दिवस काही दिसलं नाही तरी माती उकरू नका. भेंडीचं बी रात्रभर भिजवून थेट कुंडीत लावा, तिला जागा बदललेली आवडत नाही. कारल्याच्या बीची साल टणक, ते चोवीस तास भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, मोड आला की लावा. टोमॅटो, वांगी आणि मिरची यांची रोपं आधी वेगळ्या ट्रेमध्ये करावी लागतात. २५ ते ३० दिवसांनी, संध्याकाळच्या वेळी, ती मोठ्या कुंडीत हलवा. टोमॅटोचं रोप पहिल्या पानांपर्यंत खोल पुरा, देठालाही मुळं फुटतात.

पुदिना बाजारातल्या जुडीतूनच होतो. जाड काड्यांची खालची पानं काढून ग्लासभर पाण्यात ठेवा, आठवडाभरात मुळं दिसतील. मात्र त्याला स्वतंत्र कुंडी द्या, तो शेजाऱ्याची जागा बळकावतो. गवती चहाचं एखादं ठोंब शेजाऱ्यांकडून मागून आणा. कढीपत्त्याचा शेंडा दर पावसाळ्यात खुडत राहा, नाहीतर तो एकच काठी होऊन उंच जातो.

वेलांची फुलं केव्हा उमलतात

गच्चीवर दोडका, दुधी लावणाऱ्यांची एकच तक्रार असते : फुलं भरपूर, पण फळ धरत नाही, बारीक फळं पिवळी पडून गळतात. याचं कारण बहुतेक वेळा खत नसतंच. चौथ्या-पाचव्या मजल्यावर मधमाश्या आणि पतंग कमी येतात, म्हणून परागीभवन होत नाही. ते काम आपण करायचं.

नर फुलाला नुसता लांब देठ असतो. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं फळ आधीच दिसतं. नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि मधला परागांचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एका नर फुलानं दोन-तीन मादी फुलं होतात. आता वेळ. काकडी, कारलं आणि घोसाळं सकाळी उमलतात, तेव्हा हे काम सकाळी. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात. दोडक्याच्या मांडवाखाली सकाळी जाल तर कोमेजलेली फुलं सापडतील. संध्याकाळी दिवेलागणीला जा, त्या पिवळ्या फुलांकडे बघत उभं राहावंसं वाटतं.

दुधीला नर फुलं मुख्य वेलावर जास्त येतात आणि मादी फुलं फुटव्यांवर. म्हणून सात-आठ पानं झाली की मुख्य शेंडा खुडा. मांडव वेल येण्याआधीच बांधून ठेवा. कठड्याला पक्के बांधलेले बांबू आणि वर सुतळीची किंवा नायलॉनची जाळी. आषाढातला वारा ढिल्या मांडवाला उचलून नेतो.

पाणी, खत आणि कीड

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नको. उन्हाळ्यात मोठ्या झाडांना सकाळ-संध्याकाळ लागेल, थंडीत दिवसाआड पुरेल. कुंडीत उघडी माती दिसू देऊ नका, वर दोन इंच सुकी पानं पसरलेली असावीत. टोमॅटोचं बूड काळं पडत असेल तर पाण्याची वेळ सांभाळा. कधी कोरडं, कधी चिंब, असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही.

दर पंधरा दिवसांनी जीवामृत द्या. १० लिटर पाणी, अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि मूठभर चांगली माती हे सावलीत दोन-तीन दिवस ठेवा आणि रोज ढवळा. नंतर दहापट पाण्यात मिसळून मुळाशी घाला.

मिरचीची पानं चुरडली की लोक बोकड्या झाला म्हणतात, पण आधी पान नीट बघा. कडा वर वळल्या असतील तर फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी (घरातला जाळं विणणारा नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड). दोन्हींवर सुरुवातीलाच लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि चार थेंब भांड्यांचा साबण ढवळून, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. भेंडीवरचा मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानंही जातो. कारल्या-दोडक्यावर फळमाशी बसते आणि आतून सडवते. त्यासाठी क्यू ल्यूरचा, म्हणजे वासानं नर माश्यांना ओढून घेणारा, कामगंध सापळा टांगा आणि कोवळ्या फळांना कागदी पिशवी बांधा. डंख लागलेली फळं खतात टाकू नका, पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.

लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही हलताना दिसलं तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. रोप लहान असेल तर ती उचलून एखाद्या मोठ्या कढीपत्त्यावर सोडा, तिचं तिथेही पोट भरतं.

फळझाडं

गच्चीवर फळझाडं दोन-तीनच लावा आणि बियांची नकोत, कलमं घ्या. कागदी लिंबू, अंजीर, डाळिंब आणि पेरू मोठ्या कुंडीत चांगले होतात. पेरूमध्ये सरदार ऊर्फ एल-४९ घ्या, हा वाण पुण्याच्या गणेशखिंड बागेत निवडला गेला. ६० लिटरचा ड्रम, पूर्ण ऊन आणि दरवर्षी छाटणी एवढं तरी लागतं. पहिल्या वर्षी आलेली फळं लहान असतानाच काढून टाका. जिवावर येतं, पण झाड भरतं.

बी धरून ठेवा

हंगाम संपताना एक दोडका, दोन भेंड्या आणि चवळीच्या चार शेंगा झाडावरच पूर्ण वाळू द्या. निवड सगळ्यांत निरोगी झाडावरची करा. संकरित बियाण्याचं धरून उपयोग नाही, पुढची पिढी तशी निघत नाही, म्हणून सुरुवातीलाच गावरान बी मिळवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती अशाच कामासाठी. वाल-घेवड्याचे किती तरी गावरान वाण त्यांनी घरात जपले आहेत.

वाळलेला दोडका हलवला की आत बी खुळखुळतं. टोकाचं झाकण काढा, बी झटका, दोन दिवस सावलीत वाळवा आणि चुलीच्या किंवा गोवऱ्यांच्या कोरड्या राखेत घोळवून कागदी पाकिटात ठेवा. वेल मातीच्या पातळीवर कापा, मुळं आतच कुजू द्या आणि कुंडी खाली बसली असेल तितकी पानांच्या खतानं पुन्हा भरा. पाकिटावर नाव आणि महिना लिहायला विसरू नका. दोडक्याचं बी खरबरीत आणि घोसाळ्याचं गुळगुळीत असतं, पण दोन्ही काळीच, आणि जूनमधल्या घाईत हाताला तो फरक कळत नाही.