गुलाबाचं क्लासिक परफ्यूम घेताय? मग घाई करू नका, नीट ओळख करून घ्या

पहिल्या पाच मिनिटांत निकाल लावू नका, बाकी सगळं नंतर. दुकानातल्या कागदी पट्टीवर एक फवारा, एकदा हुंगलं, "अरे हे तर जुन्या फेस पावडरसारखं येतंय" आणि बाटली परत जागेवर, असं फार लोक करतात आणि मला खरंच वाईट वाटतं. पावडर आठवते कारण गुलाब आणि व्हायोलेट (एक जांभळं सुवासिक फूल) ही जोडी वर्षानुवर्षं पावडर-लिपस्टिकमध्ये वापरली गेलीये, नाक सवयीने आधी तिकडेच जातं. त्याला थोडा वेळ द्या.

आता महत्त्वाचं. गुलाब कुठलाय ते बघा आणि त्याच्या शेजारी कोण बसलंय, म्हणजे सोबत दुसरे कुठले वास आहेत, तेही बघा. बल्गेरियातलं काझानलाक आणि तुर्कीतलं इस्पार्टा इथे दमास्क गुलाब होतो, त्याच्या पाकळ्या वाफेवर ऊर्ध्वपातित करून तेल काढतात, एक किलो तेलाला साधारण ३ ते ४ टन पाकळ्या लागतात. हे तेल तरतरीत असतं, जरा लिंबासारखं, जरा मसालेदार. फ्रान्समधल्या ग्रासला सेंटिफोलिया गुलाब, त्याचं सॉल्व्हंटने (वास विरघळवून घेणाऱ्या द्रवाने) अॅब्सोल्यूट म्हणजे दाट अर्क काढतात, ते मधासारखं, जड. हा फरक नुसता फुलाचा नाही, पद्धतीचापण आहे, कारण फेनिलइथाइल अल्कोहोल नावाचा गुलाबातला मऊ गोड भाग पाण्यात विरघळतो आणि वाफेच्या पद्धतीत बराचसा गुलाबपाण्यात निघून जातो, अॅब्सोल्यूटमध्ये तो टिकतो. तेलात डॅमासेनोन नावाचा वासाचा घटक तर एक टक्क्याहूनही कमी असतो तरी गुलाब ओळखू येतो त्यात त्याचा वाटा खूप मोठा!

शेजाऱ्यांचं म्हणाल तर उदाहरणार्थ जाँ पातू या फ्रेंच कंपनीचं जुनं जॉय बघा. १९३० चं, आँरी आल्मेरासने बनवलेलं, ३० मिलीला १०,६०० जाईची फुलं आणि २८ डझन गुलाब लागतात असं कंपनी सांगायची. पण त्यात गुलाब एकटा शोधायला गेलात तर हाती लागणार नाही, जाईने त्याला इतकं घट्ट धरलंय की दोन्ही मिळून एकच फूल वाटतं, आणि ते स्वच्छ-गुळगुळीत फूल नाही, खाली थोडा प्राणिज, अंगाचा ऊबदार वास आहे. माझ्या मते तोच त्याचा जीव आहे. (२०१८ मध्ये डिऑरने जॉय नावाचं काढलं ते वेगळंच परफ्यूम आहे, नावावर जाऊन घेऊ नका.) गेरलँचं नाएमा, १९७९, त्यात गुलाब पिकलेल्या पीचसारखा रसरशीत. सोफिया ग्रोइसमनने इव्ह सँ लोराँसाठी बनवलेलं 'पॅरिस' नावाचं परफ्यूम, १९८३, गुलाब आणि व्हायोलेट, मोठ्या आवाजातलं. आणि फ्रेडरिक माल कंपनीचं २०१० चं पोर्ट्रेट ऑफ अ लेडी, तिथे पॅचौली (मातकट वासाचं पान) आणि धूप, गुलाब एकदम गडद होतो. "मला गुलाब आवडत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी हे चारही वेगवेगळ्या दिवशी लावून बघावेत, खरंच.

टेस्ट करताना पट्टीवर फक्त अंदाज घ्या, मग कोपराच्या आतल्या बाजूला एक फवारा, आणि चोळू नका, चोळल्याने वरचे हलके वास लवकर उडून जातात. दहा मिनिटांनी, तासाने, चार तासांनी हुंगा. सतत नाक लावून बसायचं नाही. व्हायोलेटवाल्या परफ्यूममध्ये आयोनोन नावाचे वासाचे घटक असतात, ते नाकाला काही वेळ बधिर करतात, वास गेला असं वाटतं आणि थोड्या वेळाने परत येतो, म्हणून "टिकत नाही" म्हणून अजून चार फवारे मारू नका, शेजारच्याला ते सगळे येत असतात. काहींना जन्मतःच बीटा-आयोनोन नीट कळत नाही, त्यामुळे तुम्हाला आणि मैत्रिणीला एकच बाटली वेगळी वाटली तर दोघी बरोबर असू शकता.

लावताना कमीच बरं. एक छातीवर कपड्याच्या आत, एक मानेमागे, झालं. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर. एक्स्ट्रे (सगळ्यात दाट प्रकारचं परफ्यूम) असेल तर थेंबच पुरे, आणि पांढऱ्या सिल्कवर अजिबात नको, डाग पडू शकतो.

बाटली बाथरूममध्ये ठेवू नका, खोक्यात घालून कपाटात. जुनी व्हिंटेज बाटली मिळाली आणि उघडल्यावर पहिला वास आंबट किंवा नेलपेंटसारखा आला तरी फेकू नका, आधी वरचाच भाग खराब होतो, अर्धा तास त्वचेवर राहू द्या आणि मग ठरवा.