हस्की घरात नुसता धुमाकूळ घालतोय? पळवता आहातच, आता नाकाला आणि डोक्यालाही काम द्या

हस्की जातीचा कुत्रा पाळणाऱ्या जवळपास प्रत्येकाची हीच तक्रार असते, सकाळी तासभर पळवून आणलं तरी थोड्या वेळात गडी परत ताजातवाना, सोफ्यावर उड्या, चपला पळवणं, नाहीतर मान वर करून हूहूहू चालू. मग कोणीतरी सांगतं की अजून पळवा. व्यायाम तर रोज हवाच, त्यात तडजोड नाही, पण नुसतं पळवत राहिलात तर त्याचा स्टॅमिना वाढत जातो आणि काही दिवसांनी तेवढं पळणंही त्याला पुरत नाही.

कारण ही जातच त्यासाठी तयार झालीये. सैबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी हे कुत्रे स्लेज म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी गाडी ओढायला वाढवले, हलकं ओझं घेऊन लांबच लांब जायचं. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी रिले करत सुमारे १,०८५ किलोमीटरवरून औषध पोचवलं, त्यात सगळ्यात लांबचा टप्पा टोगो नावाच्या हस्कीच्या टीमने मारला आणि तो तेव्हा १२ वर्षांचा होता! दुसरं म्हणजे स्लेजच्या सगळ्यात पुढच्या कुत्र्याला बर्फ कच्चा वाटला तर माणसाने हुकूम दिला तरी तो पुढे जात नाही, आणि अशाच कुत्र्याला किंमत असते. म्हणजे स्वतः ठरवणं याच्या रक्तातच आहे. आपण त्याला हट्टी म्हणतो, पण खरं तर त्याला ठरवण्यासारखं काही मिळतच नसतं.

तर सुरुवात जेवणापासून करा. वाटीत ओतलेलं खाणं दोन मिनिटांत संपतं, तेच ड्राय फूड गवतात किंवा स्नफल मॅटमध्ये (कापडाच्या पट्ट्यांची चटई, त्यात खाणं लपवता येतं) विखरून टाकलं की तेवढ्याच खाण्यात बराच वेळ नाक खाली घालून शोधत बसतो. घरात काहीच नसेल तर जुना टॉवेल घ्या, जमिनीवर पसरा, त्यावर ड्राय फूडचे थोडे दाणे टाका आणि सैलसर गुंडाळी करून द्या. पहिल्यांदा तो पंजा मारेल, मग दातात धरून झटकेल, आणि एकदा कळलं की नाकाने ढकलत ढकलत गुंडाळी उलगडायला लागतो, बघत राहावंसं वाटतं. हे सहज जमायला लागलं की गुंडाळीला सैल गाठ मारा, मग ती गुंडाळी खोक्यात, ते खोकं दुसऱ्या खोक्यात. कठीणपणा हळूहळूच वाढवा हं, दोनदा प्रयत्न करून तो निघून गेला तर पझल सोपं करा. आणि कापड किंवा पुठ्ठा गिळणारा कुत्रा असेल तर हे खेळ तुमच्या डोळ्यांसमोरच.

पोकळ रबरी खेळण्यात भिजवलेलं खाणं भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं, हा उकाड्यातला बेस्ट उपाय, चाटण्याने कुत्रा शांतही होतो. पीनट बटर वापरत असाल तर लेबल वाचा, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर अजिबात नको, कुत्र्यांना ते विषारी आहे. चघळायला देताय ती वस्तू नखाने दाबून बघा, जरासुद्धा दबत नसेल तर दात तुटू शकतो.

फिरायला नेताना रोजचा एक फेरा पूर्ण त्याच्या मर्जीचा ठेवा. हार्नेस म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा घाला, दहा मीटरची लांब दोरी लावा आणि एका खांबाजवळ पाच मिनिटं वास घेत थांबला तरी ओढू नका, त्याच्यासाठी ती तिथली सगळी बातमी आहे. लांब दोरी कॉलरला लावू नका, धावत सुटला की मानेला जबर झटका बसतो. आणि मोकळ्या जागी दोरी सोडून द्यायचा मोह टाळा, मांजर किंवा खार दिसली की हस्कीला तुमची हाक ऐकूच येत नाही, कितीही ट्रेन केलेला असला तरी.

ओढायची हौस असेलच, तर तेच काम द्या. कॅनिक्रॉस म्हणजे तुमच्या कमरेला पट्टा, मध्ये ताणली जाणारी दोरी, त्याला ओढण्यासाठीचा खास हार्नेस आणि दोघं मिळून पळायचं. पण हाडांची वाढ पूर्ण झाल्याशिवाय नाही, साधारण दीड वर्षानंतर आणि डॉक्टरांना दाखवूनच. ऊन असेल तर कुठलाच जोरदार खेळ नको. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा, चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार. जोरजोरात धापा, लालभडक हिरड्या, लडखडणं दिसलं तर लगेच थांबा, अंगावर पाणी ओता आणि डॉक्टर गाठा. आणि उन्हाळा आहे म्हणून केस भादरू नका प्लीज, ती दुहेरी फर त्याला उन्हापासूनही वाचवते.

खणणं बंद होणार नाही, तेव्हा एक कोपरा त्याच्या नावावर करा. तिथे वाळू किंवा भुसभुशीत माती घाला, खेळणी अर्धवट पुरा, दुसरीकडे खणताना दिसला की न ओरडता तिथे घेऊन जा आणि सापडलं की भरपूर कौतुक करा.

ट्रेनिंग पाच पाच मिनिटांचंच ठेवा, दिवसातून दोन-तीनदा. तीच गोष्ट सलग करायला लावली की हस्की तोंड फिरवून निघून जातो, म्हणून जमतंय तोवरच थांबा. खेळण्यांची नावं शिकवा, घरातल्या कोणीतरी लपून हाक मारायची आणि त्याने शोधायचं. या लपाछपीतून बोलावल्यावर येण्याची सवयही आपोआप लागते. खेळणी सगळी एकदम बाहेर ठेवू नका, निम्मी कपाटात, दर आठवड्याला अदलाबदल.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, शांत बसणंही शिकवावं लागतं. खेळ झाला की चटईवर चघळायला काहीतरी द्या आणि तो स्वतःहून आडवा झाला की हळूच एक दाणा समोर ठेवा, बोलू नका. पिल्लू संध्याकाळी वेड्यासारखं चावत सुटलं असेल तर बहुतेक वेळा त्याला आणखी खेळ नाही, झोप हवी असते. आणि एवढं सगळं करूनही फक्त एकटा असतानाच दार ओरबाडत असेल, लाळ गाळत असेल, तर तो कंटाळा नाही, एकटेपणाची भीती असू शकते, त्यासाठी डॉक्टरांशी किंवा कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास असलेल्या ट्रेनरशीच बोला.