जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स कसे टाकावे: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबवले. विंडोज ११ रीतसर टाकायचे तर टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागते, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. २०१७च्या आधीची बहुतेक यंत्रे या अटींत बसत नाहीत. त्यांचा कीबोर्ड चालतो, स्क्रीन ठीक असते, पण सुरू व्हायला पाच मिनिटे लागतात म्हणून ती कपाटात जाऊन बसतात. अशा यंत्रावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकणे प्रत्यक्षात अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. वेळ जातो आणि घोटाळे होतात ते त्याच्या आधीच्या तयारीत, त्यामुळे या लेखाचा जास्त भाग तयारीवरच आहे.

आधी यंत्र ओळखा

‘कोणते लिनक्स चांगले?’ हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. तो नंतर विचारा. आधी तीन गोष्टी बघून कागदावर लिहा: रॅम किती, प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, आणि डिस्क जुन्या फिरत्या पद्धतीची की एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी.

विंडोज अजून सुरू होत असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे पहिल्या दोन गोष्टी दिसतात. तिथे एक फसवी जागा आहे. ‘३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर’ असे लिहिलेले असेल, तर तुमचा प्रोसेसर ६४ बिटचाच आहे. त्यावर विंडोज तेवढे ३२ बिटचे टाकलेले आहे. अशा यंत्रावर ६४ बिटचे लिनक्स बिनघोर टाका. कोअर टू ड्युओसारखे २००६ सालचे प्रोसेसरसुद्धा ६४ बिटचे होते, त्यामुळे खरोखर ३२ बिटचे यंत्र आता क्वचितच हाती लागते.

डिस्क मात्र नीट बघा, कारण जुने यंत्र रखडण्यामागे बहुतेक वेळा तीच असते. माझे स्पष्ट मत आहे की पैसे खर्च करायचेच असतील तर ते साध्या साटा (जुन्या यंत्रांतल्या डिस्कच्या नेहमीच्या जोडणीच्या) एसएसडीवर करावेत. फिरत्या डिस्कवर हलक्यातले हलके लिनक्सही ब्राउझर उघडताना दमते, आणि एसएसडीवर त्यामानाने जड लिनक्सही चटकन हलते. लॅपटॉपमधली अडीच इंची साटा डिस्क बदलणे म्हणजे सहसा दोन-चार स्क्रू काढून घालणे. याचा आणखी एक फायदा पुढे येईल.

रॅम वाढवायची असेल तर आत कोणत्या पिढीची आहे ते बघूनच घ्या. डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, आणि लॅपटॉपच्या पट्ट्या डेस्कटॉपच्या पट्ट्यांहून आखूड असतात.

काय चालणार नाही ते आत्ताच बघा

हा भाग उत्साहाच्या भरात वगळला जातो आणि मग पंधरा दिवसांनी पुन्हा विंडोज टाकले जाते. ब्राउझरमध्ये होणारी सगळी कामे लिनक्सवर होतात. वर्ड-एक्सेलच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. साध्या पत्राला आणि तक्त्याला काही होत नाही, गुंतागुंतीचे मॅक्रो, म्हणजे फाइलीत साठवलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतील तर ते अडतात. फोटोशॉप आणि फक्त विंडोजसाठी बनवलेले हिशेबाचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. रोजचे पोट ज्या प्रोग्रामवर आहे तो यादीत असेल, तर त्या यंत्राला हात लावू नका.

मराठी वाचकांसाठी एक वेगळी सूचना. युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या आजच्या अक्षर-पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव वगैरेंमध्ये टाइप केलेल्या फाइली तुमच्याकडे असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी दिसते. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट आधीच उचलून ठेवा. लिनक्समध्ये फॉन्टच्या फाइलीवर डबल क्लिक करून तो टाकता येतो आणि मजकूर पुन्हा वाचता येतो. शक्य असेल तेव्हा अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, पण ते काम सवडीचे.

बॅकअप

फोटो, कागदपत्रे, ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, डेस्कटॉपवर वर्षानुवर्षे साचलेला पसारा: सगळे बाहेरच्या डिस्कवर घ्या. घेतल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार फाइली उघडून बघा. न उघडून बघितलेला बॅकअप हा बॅकअप धरू नये.

नवी एसएसडी घालणार असाल तर इथे तिचा दुसरा फायदा मिळतो. जुनी डिस्क काढून जशीच्या तशी ठेवून द्या. काहीही बिनसले तर ती परत लावली की जुने विंडोज होते तिथे हजर.

कोणते लिनक्स

लिनक्स हे नाव खरे तर गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते १९९१ साली जाहीर केले. त्याभोवती डेस्कटॉप, प्रोग्राम आणि अपडेटची सोय बांधून जो संच मिळतो त्याला डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत. नवख्याने त्यांची यादी वाचू नये.

रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर लिनक्स मिंट या डिस्ट्रोची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती घ्या आणि विषय संपवा. मेनू खालच्या डाव्या कोपऱ्यात, खिडक्या नेहमीसारख्या. विंडोजवरून येणारा माणूस बावचळत नाही. मिंट २२च्या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर मिंटची सिनॅमन आवृत्तीही छान चालते. २ जीबीवर एक्सएफसीई चालते, पण ब्राउझरमध्ये दोन-तीनच टॅब ठेवण्याची सवय लावावी लागते. तिथे लुबुंटू हे दुसरे हलके डिस्ट्रोही बघण्यासारखे आहे. १ जीबी किंवा त्याहून कमी असेल, किंवा प्रोसेसर खरोखर ३२ बिटचा असेल, तर अँटीएक्स हे फारच हलके डिस्ट्रो. मोठ्या डिस्ट्रोंनी ३२ बिटकडे पाठ फिरवली आहे: मिंटची मुख्य मालिका २०२०पासून ६४ बिटचीच आहे, आणि २०२५च्या डेबियन १३ने ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. लिनक्स स्वतः कमी रॅम खाते, पण आजच्या वेबसाइट जुन्या काळच्या नाहीत. १ जीबीच्या यंत्रावर टायपिंग, गाणी, वाचन ठीक. व्हिडिओ कॉलची आशा धरू नका.

पुढचे वर्णन मिंट धरून केले आहे. इतर ठिकाणी बटणांची नावे बदलतील, क्रम साधारण हाच राहील.

पेनड्राइव्ह बनवणे

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून एक्सएफसीईची आयएसओ फाइल (पूर्ण सिस्टिम एकाच फाइलीत) उतरवा. ती जवळपास ३ जीबीची असते. उतरवताना मध्येच तुटलेली फाइल हे इन्स्टॉल अर्ध्यात बंद पडण्याचे नेहमीचे कारण आहे, म्हणून चेकसम, म्हणजे फाइलीचा एक प्रकारचा ठसा, पडताळा. संकेतस्थळावर त्या फाइलीचा ६४ अक्षरी शा-२५६ चेकसम दिलेला असतो. विंडोजवर सेव्हन-झिप हा प्रोग्राम असेल तर फाइलीवर राइट क्लिक करून तोच काढता येतो. दोन्ही जुळले की पुढे. एखादेही अक्षर वेगळे आले तर फाइल पुन्हा उतरवा.

आता ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचे सगळे पुसले जाणार आहे. फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही; बलेना एचर किंवा रूफस यांपैकी एक प्रोग्राम वापरून ती ‘लिहावी’ लागते. एचरमध्ये तीनच पायऱ्या आहेत: फाइल निवडा, पेनड्राइव्ह निवडा, फ्लॅश करा. हे काम दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर केलेले बरे.

पेनड्राइव्हवरून सुरू करणे

पेनड्राइव्ह जुन्या यंत्राला लावा, यंत्र चालू करा आणि लगेच बूट मेनूची, म्हणजे यंत्र कशावरून सुरू करायचे ते विचारणाऱ्या यादीची, कळ टकटक दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि एसरमध्ये ती बहुधा एफ१२ असते, एचपीमध्ये एस्केप किंवा एफ९, आसुसमध्ये एस्केप किंवा एफ८. एसरच्या काही यंत्रांत हा मेनू आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन चालू करावा लागतो. विंडोज ८ किंवा १० असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्टवर क्लिक केले तरी ‘यूज अ डिव्हाइस’ हा पर्याय मिळू शकतो.

यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर गोंधळू नका. ज्याच्या आधी ‘यूईएफआय’ (यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत) लिहिले आहे तो निवडा. खूप जुन्या यंत्रात तो एकदाच दिसेल, कारण तिथे यूईएफआय नसतेच. सिक्युअर बूटमुळे (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणाऱ्या सोयीमुळे) अडवल्याचा संदेश आला तर बायोसमध्ये जाऊन ते बंद करा.

मेनूतून मिंट निवडल्यावर स्क्रीन काळीच राहिली, तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा आणि या वेळी ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. जुन्या ग्राफिक्स कार्डांवर याची गरज पडते.

न टाकता वापरून बघा

थोड्या वेळाने पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. हे सगळे पेनड्राइव्हवरून चालू आहे; तुमच्या डिस्कला अजून धक्का लागलेला नाही. इथे निवांत बसा. वायफाय जोडून बघा. एखादा व्हिडिओ लावून आवाज तपासा. टचपॅड, कॅमेरा, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, प्रिंटर ओळखला जातो का, हे एकेक करून घ्या. काही स्वस्त जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर त्रास देतात, ते आत्ताच कळलेले बरे. वेगावरून मात्र काही ठरवू नका. पेनड्राइव्हवरून सगळे सावकाशच चालते.

वायफाय दिसत नसेल तर आत बहुधा ब्रॉडकॉमची चिप आहे आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, वेगळा घ्यावा लागतो. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचे इंटरनेट यंत्राला देणे) चालू करा. लिनक्स टाकून झाल्यावर याच जोडणीवरून ड्रायव्हर उतरवता येतो.

प्रत्यक्ष टाकणे

बाहेरच्या सगळ्या डिस्का काढून ठेवा. फक्त मिंटचा पेनड्राइव्ह राहू द्या. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर डबल क्लिक करा.

भाषा विचारेल, मराठीही निवडता येते. कीबोर्ड मात्र इथे इंग्रजीच ठेवा, नाहीतर पासवर्ड एका लिपीत ठरेल आणि लॉगिनला दुसरीच उमटेल. मल्टिमीडिया कोडेक्सच्या (व्हिडिओ-गाणी वाजवणाऱ्या भागांच्या) चौकोनात खूण करा, त्यामुळे व्हिडिओंच्या बहुतेक अडचणी टळतात.

मग येतो एकुलता एक धोक्याचा पडदा. ‘इरेज डिस्क’ म्हणजे पूर्ण डिस्क पुसून फक्त लिनक्स. ‘अलाँगसाइड’ म्हणजे विंडोजशेजारी लिनक्स. ‘समथिंग एल्स’ म्हणजे विभागणी स्वतःच्या हाताने. नवख्याने तिकडे फिरकू नये. जुन्या यंत्रावर मी पूर्ण पुसण्याच्याच बाजूने आहे. लहान, दमलेल्या डिस्कवर दोन संसार थाटले की दोन्हींची ओढाताण होते. तरीही विंडोज ठेवायचेच असेल तर आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद होऊ न देणारी सोय) बंद करा, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, आणि डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करून या.

यंत्रात दोन डिस्का असतील तर आकारावरून ओळखा. विंडोज जिला ४६५ जीबी म्हणते तीच इथे ५०० जीबी दिसेल. मोजण्याची पद्धत वेगळी, डिस्क तीच. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर काय बदलणार याची यादी येते. ती वाचा, मागे फिरण्याची ही शेवटची जागा.

पुढे वेळेचा पट्टा, नाव आणि पासवर्ड. हा पासवर्ड नवीन प्रोग्राम टाकताना आणि अपडेट करताना वारंवार लागतो, तेव्हा लक्षात राहील असा घ्या. बाकीचे काम यंत्र करते. शेवटी सांगेल तेव्हा पेनड्राइव्ह काढून एंटर दाबा.

रीस्टार्टनंतर ‘बूट डिव्हाइस नाही’ असे आले, तर पेनड्राइव्ह एका पद्धतीने सुरू झाला होता आणि बायोस दुसऱ्या पद्धतीने डिस्क शोधत आहे. बायोसमध्ये यूईएफआय आणि लेगसी (जुनी पद्धत) यांतला पर्याय बदलून बघा, बहुतेकदा तेवढ्याने भागते.

पहिल्या दिवशी

अपडेट मॅनेजर उघडून सगळी अपडेट घ्या. पहिल्यांदा ती भरपूर असतात. मग ड्रायव्हर मॅनेजर. मग टाइमशिफ्टमध्ये पहिला स्नॅपशॉट: पुढे सिस्टिममध्ये काही बिघडले तर त्या स्थितीला परतता येते. टाइमशिफ्ट तुमचे फोटो-कागदपत्रे सांभाळत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा.

फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे जोड-साधन टाका. जाहिराती गेल्या की जुन्या प्रोसेसरवरचा भार दिसण्याइतका कमी होतो. मराठी लिहिण्यासाठी कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘लेआउट’ या टॅबवर मराठीचा लेआउट जोडा आणि भाषा बदलण्याची कळ ठरवून घ्या.

सगळे ठीक असूनही वेबसाइट उघडताना सुरक्षेचा इशारा येत राहिला तर घड्याळ बघा. बरीच वर्षे पडून असलेल्या यंत्रातली मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, तारीख मागे जाते आणि ब्राउझरला प्रत्येक प्रमाणपत्र खोटे वाटते. डेस्कटॉपमध्ये ती बहुधा सीआर२०३२ असते. यंत्र बंद करून, वायर काढून ती बदला आणि तारीख एकदा दुरुस्त करा.