कोडचं डॉक्युमेंटेशन आपोआप काढण्याआधीची तयारी

टूल इन्स्टॉल करायची घाई करू नका. कमांड मारली की शेकडो पानांची साइट उभी राहते, पण फंक्शनचं नाव, पॅरामीटर आणि टाइप एवढंच टूलला कोडमधून फुकट मिळतं. ते फंक्शन का आहे आणि कधी फसतं, हे कोणीतरी लिहिलेलं असावं लागतं. म्हणून बहुतेक तयारी कोडमध्येच करायची आहे.

आधी वाचक ठरवा. बाहेरून तुमचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमनं तुमच्या प्रोग्रॅमशी बोलायचा मार्ग) वापरणारा आणि तुमच्याच टीममध्ये काम करणारा, दोघांना एकच साइट देऊ नका. पहिल्यासाठी ओपनएपीआयची, म्हणजे एपीआयचं ठरावीक साच्यातलं वर्णन असलेली फाइल काढायची, दुसऱ्यासाठी मॉड्यूल आणि क्लासचा संदर्भ. टूल भाषेनुसार निवडा: जावाला जावाडॉक, टाइपस्क्रिप्टला टाइपडॉक, पायथनला स्फिंक्स. यात फार वेळ घालवू नका, टूल नंतर बदलता येतं.

खरा वेळ कमेंट तपासण्यात जाऊ द्या. 'कॅन्सल ऑर्डर' नावाच्या फंक्शनवर 'ऑर्डर रद्द करते' असं लिहिलं असेल तर ती ओळ काढून टाकली तरी कोणाचं काही अडत नाही. तिथे हवं ते असं: 'माल रवाना झाला असेल तर 409 (नकाराचा कोड) परत येतो. रिफंड क्यूमध्ये, म्हणजे रांगेत जातो, त्यामुळे 200 (यशाचा कोड) मिळाला म्हणजे पैसे परत गेले असं समजू नये.' कोड वाचूनही पटकन कळणार नाही, ते लिहायचं. सगळा प्रोजेक्ट एकदम हाती घेऊ नका. लॉगिन, पेमेंट, परवानग्या असे चुकलं तर महाग पडणारे भाग आधी घ्या आणि बाकीचे हात लागेल तसे भरत जा. पायथनमध्ये डॉकस्ट्रिंगची, म्हणजे फंक्शनच्या आत सुरुवातीला लिहिलेल्या वर्णनाची शैली एकच ठेवा. पेप 257 या पायथनच्या दस्तऐवजात मूळ संकेत दिलेले आहेत, पुढे गूगलची शैली घ्यायची की नमपायची हे टीमनं ठरवावं. जुन्या फंक्शनवर 'डेप्रिकेटेड' टॅग लावताना त्याऐवजी काय वापरायचं हेही लिहा.

टाइप पक्के आहेत का ते बघा. पायथनमधलं फास्टएपीआय हे फ्रेमवर्क टाइप हिंट आणि पायडँटिक मॉडेलवरून (डेटाचा आकार सांगणाऱ्या क्लासवरून) एपीआयचं वर्णन स्वतः तयार करतं. पण एंडपॉइंटनं (एपीआयच्या एखाद्या पत्त्यानं) रिस्पॉन्स मॉडेल न सांगता नुसती डिक्शनरी परत केली, तर उत्तराचा स्कीमा, म्हणजे त्यात काय काय येईल याचा आराखडा, रिकामा राहतो आणि फ्रंटएंडवाल्याला अंदाजच बांधावे लागतात. एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कमध्ये कमेंटमध्ये यामल या साच्यात लिहिलेल्या मजकुरावरून वर्णन काढत असाल तर जास्त जपा. राउट बदलला आणि कमेंट तशीच राहिली, तर टूल जुनंच वर्णन बिनतक्रार छापतं. तिथे त्या वर्णनाशी प्रत्यक्ष उत्तर ताडून पाहणारी टेस्ट हवीच.

स्फिंक्सचं ऑटोडॉक हे एक्स्टेन्शन तुमचं मॉड्यूल खरोखर इम्पोर्ट करतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फाइल इम्पोर्ट होताच डेटाबेसची जोडणी उघडत असेल, तर डॉक्युमेंटेशनचं बिल्ड सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या आणि बिल्ड करणाऱ्या यंत्रणेवर) तिथेच कोसळतं. अशी जोडणी फंक्शनच्या आत हलवा. नुसती लायब्ररी मिळत नसेल तर तिच्या जागी खोटी उभी करणाऱ्या 'ऑटोडॉक मॉक इम्पोर्ट्स' या सेटिंगनं भागतं.

आता काय दिसू नये ते. कमेंटमधल्या उदाहरणांत खरे टोकन, ग्राहकांचे ईमेल किंवा आतल्या सर्व्हरचे पत्ते सापडतातच. रिपॉझिटरीत शोधून ते काढा, आणि टोकन खरा निघाला तर तो बदलूनही टाका. आतल्या वापराचं सगळं वगळा, टाइपडॉकमध्ये त्यासाठी 'इंटर्नल' टॅग आहे. फास्टएपीआय 'डॉक्स' हे पान आपणहून उघडं ठेवतं. प्रॉडक्शनवर ते हवं आहे का, हे जाणूनबुजून ठरवा. नको असेल तर ओपनएपीआयचा पत्ताही बंद करा, नाहीतर पान गेलं तरी फाइल मिळतच राहते.

तयार झालेलं एचटीएमएल गिटमध्ये टाकू नका. मर्ज झालं की सीआयनं ते बनवावं आणि व्हर्जननुसार ठेवावं. वॉर्निंगला एरर समजण्याची सोय स्फिंक्स आणि टाइपडॉक दोन्हींत आहे. जुन्या प्रोजेक्टमध्ये ती पहिल्याच दिवशी लावली तर प्रत्येक बिल्ड पडेल आणि लोक वैतागून ती बंद करतील. आधी वॉर्निंग संपवा, मग लावा.

पहिली साइट तयार झाली की टीममधल्या सगळ्यात नव्या सहकाऱ्याला फक्त तिच्यावरून एक एपीआय कॉल करायला सांगा. त्याला जिथे सोर्स कोड उघडावा लागेल, त्या प्रत्येक जागेचा इश्यू त्याच दिवशी टाका.