बाल्डर्स गेट ३: क्लास चुकला म्हणून गेम पुन्हा सुरू करू नका

या व्हिडिओ गेममध्ये सुरुवातीला पात्राचा क्लास, म्हणजे पेशा, निवडावा लागतो. वीस तास खेळून झाल्यावर कळतं की घेतलेला विझर्ड (जादूगार) आपल्याला झेपत नाहीये. मी तर सरळ नवा गेम सुरू केला होता, उगाचच. त्याऐवजी हे करा:

१. कॅम्पात (मुक्कामाच्या तळावर) विदर्स नावाच्या पात्राशी बोला. तो वाळक्या प्रेतासारखा दिसतो, बिचकू नका. पहिल्या अंकातल्या पडक्या देवळाखालच्या तळघरात त्याची शवपेटी असते. ती राहून गेली तरी पुढे तो आपणहून कॅम्पात येतो.
२. क्लास बदलायचा पर्याय निवडा. १०० सोन्याची नाणी लागतात. सोबत्यांचाही बदलता येतो.
३. पात्र पहिल्या लेव्हलवर येतं. ॲबिलिटीचे (ताकद, बुद्धी वगैरेंचे) गुण नव्याने वाटा आणि सगळ्या लेव्हल एकेक करून परत चढवा. आकडे शक्यतो सम ठेवा: १५ चा बोनस १४ एवढाच, १६ झाले की वाढतो.

आधीचे संवाद, निर्णय, मैत्री सगळं जसंच्या तसं राहतं.

वंश मात्र बदलत नाही. एल्फ घेतला असेल तर शेवटपर्यंत एल्फच, तेवढं सुरुवातीलाच नीट ठरवा.