केवर्कर सीपीयू खातोय? एसीपीआय बंद करू नका, अडकलेला इंटरप्ट शोधा

लॅमिंग्टन रोडवरून सेकंड हॅन्ड लॅपटॉप आणला, उबंटू टाकलं आणि पहिल्या दिवसापासून फॅन थांबेचना, काही उघडलेलं नसताना टॉप या कमांडमध्ये केवर्कर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा (कर्नलचा) पडद्यामागचा कामगार, एका कोअरचा ७०-८० टक्के सीपीयू खात होता, त्यात मुंबईतला मे महिना, कीबोर्डवर हात ठेववत नव्हता.

अशा वेळी ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरच्या सेटिंगमध्ये, सरळ एसीपीआय=ऑफ टाका असं सांगणारे बरेच भेटतात. प्लीज नका करू. बॅटरी, झाकण, स्लीप, इंटरप्ट (हार्डवेअरने सीपीयूला मारलेल्या हाका) कुठे पाठवायचे, हे सगळं कर्नलला फर्मवेअरकडून एसीपीआयमधूनच कळतं, ते तोडलं की बॅटरीचा आकडा जातो, सस्पेंड जातं, काही मशीन तर बूटच होत नाहीत.

बऱ्याचदा घोळ एकाच जीपीईचा असतो. जीपीई (जनरल पर्पज इव्हेंट) म्हणजे हार्डवेअरने कर्नलसाठी वाजवलेली बेल, आणि इथे बेलचं बटण आत अडकून बसलेलं असतं.

आधी बायोस अपडेट आहे का बघा. नसेल तर सिस, फर्मवेअर, एसीपीआय, इंटरप्ट्स या फोल्डरमध्ये जा, प्रत्येक जीपीईची तिथे एक फाईल असते आणि आत तो किती वेळा वाजला तो आकडा. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा बघा, जो हजारांनी वाढतोय तो तुमचा. माझा ६एफ निघाला.

आता डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ईसीच्या (एम्बेडेड कंट्रोलर या चिपच्या) ओळीत कुठला जीपीई लिहिलाय तेही बघून घ्या, तोच नंबर असेल तर हात लावू नका, बॅटरी आणि झाकणाच्या खबरा तिथूनच येतात. वेगळा असेल तर त्या फाईलमध्ये डिसेबल हा शब्द लिहा, पण सुडो -आय करून रूट शेलमधूनच, कारण सुडो एको करून पुढे बाण दिला तर फाईल उघडायला जातो तुमचा साधा शेल आणि परमिशन डिनाईड येतं. माझा फॅन दोन मिनिटांत शांत झाला!

लगेच पक्कं करू नका. दिवसभर वापरा, चार्जर काढून लावा, ब्राइटनेसची बटणं दाबा, आणि बॅगेत टाकून लोकल पकडायच्या आधी झाकण लावल्यावर खरंच सस्पेंड होतोय ना ते बघा.

सगळं नीट चाललं तर ईटीसी, डिफॉल्ट, ग्रब या फाईलमधल्या कमांडलाईन लिनक्स डिफॉल्टच्या ओळीत एसीपीआय मास्क जीपीई, मधे अंडरस्कोर, पुढे बरोबरचं चिन्ह आणि ०एक्स लावून तुमचा नंबर टाका, मग अपडेट-ग्रब, मग रीबूट. पुढे कधी बायोस अपडेट आलं तर हे काढून आकडे परत बघा, कदाचित गरजच उरलेली नसेल.